बाईला उंचावर नेलं तेव्हा

भाच्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "मामा, रविवारी आईले त्या टॉवरवर नेतो. पार वरच्या गॅलरीत. तिकिटं काढून ठेवली. तिले सांगू नका, सरप्राइज आहे."

दुबईत येऊन आम्हाला तीन दिवस झाले होते. हातातला चहाचा कप मी ओट्यावर ठेवला.

"कायले उगाच," मी म्हणालो. "तिचे गुडघे दुखतात."

"लिफ्ट आहे मामा. एक मिनिट लागते. वरून पूर्ण शहर दिसते, समुद्र दिसते. इथं येऊन ती नुसती सोफ्यावर बसून राह्यली. जरा मोकळं वाटंल तिले."

मी आणखी दोन-तीन कारणं काढून पाहिली. गर्दी असेल, एसीची थंडी तिला सोसत नाही, मलाच उंचावर चक्कर येते. तो हसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून कामाला निघून गेला. खरं कारण मला सांगता आलं नाही. तोवर ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि बाईला स्थळं येत होती. माझ्यापायी तिनं लग्न दोन वर्षं लांबवलं. माझा डबा, माझे पाढे, माझ्या डोक्यातल्या उवा, सगळं तिच्याकडे. पुढं मी एस.टी.त लागलो, वर्ध्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, तरी बाजारात भेटली की चार माणसांत ती माझी कॉलर नीट करायची. तिनं विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं, अशी आमची आयुष्यभराची रीत. उलट कधी झालं नाही.

भाऊजींचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी ते बाईला म्हणाले, छाती भरल्यासारखी वाटते. आदल्या दिवशी मोठ्या पोळ्याची पुरणपोळी झाली होती. गॅस असेल म्हणून बाईनं त्यांना ओवा आणि गरम पाणी दिलं. ते दुकानात गेले. शटर अर्धं वर केलं आणि तिथंच पायरीवर बसले. शेजारच्या दुकानदारानं ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरा दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाई ओव्याची गोष्ट सांगत होती. कोण आलं, कोण गेलं, तिला भान नव्हतं, गोष्ट तीच. चौदाव्या दिवशी ती बंद झाली. त्यानंतर बाईनं भाऊजींचं नावसुद्धा काढलं नाही. आम्हाला वाटलं, सावरली. भाचा वीस दिवस राहून नोकरीवर परत गेला. बाई सिंदी मेघेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. मी वर्ध्यातच नालवाडीला राहतो. रोज दुपारी बायको डबा भरून द्यायची आणि मी स्कूटरवर तो पोचवायचो.

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी मी गेलो तर बाईचं दार उघडं आणि घरात कोणी नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "बादली घेऊन वर जाताना दिसल्या होत्या. बराच वेळ झाला." मी डबा ओट्यावर ठेवून गच्चीवर गेलो.

दोरीवर कपडे टाकून झालेले होते. रिकामी बादली तिथंच होती. गच्चीच्या पलीकडच्या अंगाला कठडा कमी उंचीचा आहे. पुढचा मजला बांधायचा म्हणून बिल्डरनं तेवढा भाग तसाच सोडलाय, सळया वर आलेल्या आहेत. बाई त्या कठड्याला लागून उभी होती आणि खाली बघत होती. तिच्या चपला दोन पावलं मागं होत्या, एकाशेजारी एक, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

मी हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली तेव्हा वळली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की हा कोण, हे तिला आठवून घ्यावं लागतंय.

"डबा आणला का?" ती म्हणाली.

"आणला. खाली चल."

"चपला ओल्या झालत्या," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. मी त्या उचलल्या. कोरड्या होत्या. जिना उतरताना मी तिच्या पुढं चाललो, एक-एक पायरी, मागं वळून बघत. तिनं जेवण केलं, मी ताट उचललं. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही.

त्याच आठवड्यात मी तिला नालवाडीला घेऊन आलो. बायकोच्या कंबरेचं निमित्त सांगितलं, म्हटलं हिला घरकामात मदत होईल. आमचं घर बैठं आहे. छतावर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे, त्याच्या गेटला मी कुलूप लावलं. अंगणात जुनी विहीर आहे, तिच्यावर जाळी बसवून घेतली. बायकोनं विचारलं तर म्हणालो, मांजरं पडतात. बाई भाजी निवडायला बसली की मी पेपर घेऊन तिच्यासमोर बसायचो. ती देवळात निघाली की मलाही देव आठवायचा. नोकरीत असताना गाडी कधी आली, कधी गेली, यावर माझं लक्ष असायचं. आता बाई न्हाणीत कधी गेली आणि किती वेळ झाला, यावर असायचं. जास्त वेळ लागला तर दाराशी जाऊन मी काहीतरी निरर्थक बोलायचो. "बाई, पाणी येते ना?" ती आतून म्हणायची, "येते."

असे अडीच महिने गेले. बायको एकदा म्हणाली, "तुमची तब्येत उतरली, दाखवून या." पण मी बोललो नाही. शब्द तोंडातून निघाला की ती गोष्ट खरी होईल असं वाटायचं. लोक बाईकडे कसं बघतील, तेही डोक्यात यायचं. आणि समजा बोलायचं, तर तिलाच आधी विचारायला हवं होतं. तिथंच गाडी अडत होती.

भाच्यानं व्हिसा पाठवला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, तुझं घर कितव्या मजल्यावर आहे. सातव्या, तो म्हणाला. त्याला वाटलं मामाला कौतुक आहे. बाई एकटी विमानात बसणार नव्हती, म्हणून मी सोबत निघालो. तिथं पोचल्यावर मी माझी घडीची खाट बरोबर गॅलरीच्या दाराला आडवी टाकली. गार हवा लागते, म्हणालो. गॅलरीचं दार बंदच असायचं, हवा कुठली यायला.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. बाईनं जांभळी सुती साडी नेसली होती आणि वर भाऊजींचा करडा स्वेटर घातला होता. आपण कुठं चाललोय, हे तिला खाली पोचल्यावरच कळलं. भाचा तिच्याकडे बघून हसत होता. तिनं मान वर केली, टॉवरचं टोक दिसेना म्हणून आणखी वर केली, मग माझ्याकडे बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

लिफ्टमध्ये अंधार केलेला होता आणि भिंतीवर रंगीत उजेड पळत होता. कानात दडे बसले. लहान पोरं आनंदानं किंचाळत होती. मी बाईच्या साडीचा पदर मुठीत धरला. गर्दीत हरवू नये म्हणून धरलाय, असं कोणालाही वाटलं असतं.

वर गेल्यावर मी आधी काचा बघितल्या. माझ्या दीडपट उंचीच्या होत्या, जमिनीपासून वरपर्यंत. एका बाजूला उघड्या आभाळाची गॅलरी होती. तिथल्या दोन काचांमध्ये हात आत जाईल एवढी फट होती आणि लोक त्यातून मोबाइल बाहेर धरून फोटो काढत होते. मी सगळ्या फटींतून एक-एक करून बघत गेलो. त्या फटींतून माणूस जाणं शक्य नव्हतं, मला ते दिसत होतं. तरी मूठ सुटेना. तळव्याला घाम आला होता आणि पदर ओला झाला होता.

भाचा उत्साहात होता. "आई, तो पाह्य समुद्र. तो लांबचा निळा. अन हे सगळं आधी वाळवंट होतं. ते तिकडं, पांढऱ्या बिल्डिंगच्या मागं, माहं ऑफिस." खाली उंच इमारती काडेपेट्या उभ्या केल्यासारख्या दिसत होत्या. रस्ते गुंतवळीसारखे एकमेकांत गेले होते. क्षितिजाकडे धूळ होती, आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. लोक एकमेकांना सरकवून फोटो घेत होते.

बाईनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यात माणसं कुठं आहेत?"

"इतक्या वरून कसे दिसतीन आई," भाचा म्हणाला. "थांबा, मी कॉफी घेऊन येतो. लाइन मोठी आहे, तुम्ही इथंच राहा." तो गर्दीत गेला.

आम्ही दोघंच उरलो. बाईचं कपाळ काचेपासून वीतभर अंतरावर होतं. काचेवर तिच्या श्वासाचा ठिपका उमटत होता आणि पुसला जात होता.

"भाऊ, माहा पदर सोड," ती म्हणाली.

मी ऐकलंच नाही असं केलं.

"सोड म्हणते ना. किती दिवस धरून ठेवशीन?" तिचा आवाज चढलेला नव्हता. ती अजून बाहेरच बघत होती. "जिन्याले कुलूप लावलं. विहिरीवर जाळी टाकली. मी आंघोळीले गेली का तू दाराशी येऊन पाणी विचारते. इथं आलो तं गॅलरीच्या दाराले खाट लावली. मले समजत नाई का?"

मी तिच्याकडे वळलो. "मंग तू बोलली काऊन नाई?"

"तू विचारलं काऊन नाई?"

शेजारी एक कुटुंब उभं होतं. त्यांनी फोटोसाठी आम्हाला थोडं सरकायला सांगितलं. आम्ही सरकलो. त्यांचा फोटो काढून झाला, ते गेले. मी पदर सोडला. हात रिकामा झाल्यावर तो कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून काचेच्या खालच्या दांडीवर ठेवला.

"त्या दिवशी गच्चीवर तू कायले गेलती?" मी विचारलं.

"कपडे वाळू घालाले."

मग तिनं आपणहून पुढं सांगितलं.

"कपडे टाकले. मंग जराशी उन्हात थांबली. मंग त्या कठड्याजवळ गेली. चपला कवा काढल्या, मले आठवत नाई. खाली भाजीच्या गाड्यावर एक जणी मेथी घेऊन राह्यली होती. जुडी हाती घ्यायची, वापस ठेवायची, दुसरी घ्यायची. मले वाटलं, हिले घरी जाऊन भाजी करायची आहे. मले कोणासाठी करायची आहे? तेवढंच डोक्यात. ठरवून नव्हती गेली मी, भाऊ. पण तू आवाज दिला नसता तं काय झालं असतं, ते मले सांगता येत नाई."

दोन महिन्यांहून जास्त दिवस जे ऐकायची भीती वाटत होती ते ऐकून झालं होतं. मला वाटलं होतं, ऐकलं तर मी कोसळेन. तसं काही झालं नाही.

"आता?" मी म्हणालो. "आता इथं तसं वाटते का?"

"इथं नाई. इथं तं सगळं चित्रासारखं आहे." तिनं काचेवरचा श्वासाचा ठिपका बोटानं पुसला. "घरी वाटते कवा कवा. सकाळी जास्ती. तुह्या बायकोनं एक दिवस पराठ्यात ओवा टाकलता. मी मोरीत जाऊन नळ सोडला अन रडली. तू बाहेरून विचारलं, पाणी येते ना."

मला तो दिवस आठवला. मी त्या दाराबाहेर उभा होतो. मध्ये पाऊण इंचाची लाकडी फळी होती.

"त्यायले मी दवाखान्यात नाई पाठवलं," बाई म्हणाली. "दुकानात पाठवलं."

तुझी चूक नाही, असं सगळे तिला म्हणाले होते, मीही तेरा दिवसांत दहा वेळा म्हणालो असेन. त्याचा काही उपयोग झाला नव्हता, हे दिसतच होतं. मी तिथंच खाली, काचेला पाठ लावून फरशीवर बसलो. बाईही गुडघ्यावर हात टेकत टेकत माझ्याशेजारी बसली. आजूबाजूला लोकांचे बूट आणि सँडल चालत होते. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं वाकून इंग्रजीत काही विचारलं. मी हातानं ठीक आहे म्हणून सांगितलं. बाई रडत होती, मीही.

भाचा तीन कप सांभाळत आला आणि आम्हाला खाली बसलेलं बघून घाबरला. "काय झालं? आई, भेव वाटलं का?"

"तुह्या मामाले चक्कर आली," बाई म्हणाली. पदरानं तिनं तोंड पुसलं आणि कप घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं मुलाला सगळं सांगितलं. मी सांगणार होतो, पण ती म्हणाली, "मी सांगते. तू बस." सोफ्यावर बसून, हात मांडीवर ठेवून तिनं ते सांगितलं, गच्चीपासून विहिरीवरच्या जाळीपर्यंत. भाचा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तो तिच्या पायाशी जमिनीवर येऊन बसला आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

मग त्यानं डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, तुम्हाले माहीत होतं. अन तुम्ही मले सांगतलं नाई. मी तिले त्या टॉवरवर घेऊन गेलो. दर रविवारी फोनवर तुम्हाले विचारत होतो, आई कशी आहे, अन तुम्ही म्हणत होते, मस्त आहे."

"मले वाटलं मी सांभाळीन," मी म्हणालो.

"माही आई आहे ते," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

उरलेले चार दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. आईसाठी त्यानं सुट्टी घेतली, तिच्यासोबत बागेत फिरला, तिला हातानं भात कालवून दिला. माझं ताट वाढायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. विमानतळावर पाया पडला तेव्हा मी त्याला धरलं. तो मागं सरला नाही, पण त्यानं हातही वर उचलले नाहीत. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

वर्ध्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बाईला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. सोबत बायकोही होती. तिला मी परतल्याच्या दिवशीच सगळं सांगितलं होतं आणि ती माझ्यावर भाच्याइतकीच चिडली होती. डॉक्टर तिशी-पस्तिशीची मुलगी होती. बाईचं नाव-गाव विचारून झालं आणि तिनं सरळ विचारलं, "काकू, जीव नकोसा होते का कधी?" किती दिवसांपासून, कोणत्या वेळी, काल वाटलं का, आज वाटलं का. रक्तदाब विचारावा तसं. बाईनं एकेक उत्तर दिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो होतो. मला लाज वाटत होती.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात नुसती झोप यायची, बाई कंटाळून म्हणायची, बंद करते. दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलायचं असायचं, ते मात्र तिनं चुकवलं नाही. आत काय बोलते ते सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. उन्हाळा लागता लागता तिनं भाऊजींचं दुकान उघडलं. जुना माणूस होताच हाताशी. अकरा वाजता ती ऑटोनं बाजारात जाते आणि संध्याकाळी नालवाडीला येते. ती दुकानात नीट रमली असं मी म्हणणार नाही. एखाद्या दिवशी पायरीजवळ आली की परत फिरते आणि घरी येऊन झोपून राहते.

जिन्याचं कुलूप काढू का, असं मी डॉक्टरांना विचारलं. सध्या राहू द्या, त्या म्हणाल्या, पण ते कशासाठी आहे हे त्यांना माहीत असू द्या. मी बाईला सांगितलं. तिनं मान डोलावली.

भाचा आता रोज फोन करतो, थेट आईला. माझ्याशी बोलतो तेव्हा आधीसारखी थट्टा करत नाही. दिवाळीला येणार आहे म्हणतो.

मागच्या आठवड्यात बाई दुपारीच दुकानातून परत आली. मी अंगणात होतो. चेहरा ओढलेला होता. पूर्वी असतं तर मी आत जाऊन पेपर आणला असता. मी विचारलं, "आज कसं वाटून राह्यलं?"

"बरं नाई वाटून राह्यलं," ती म्हणाली. "खूप बरं नाई."

"डॉक्टरले फोन लावू?"

"लाव. पण आधी जरा बस इथं."

मी तिच्याशेजारी बाजेवर बसलो. बायकोनं पाणी आणून दिलं आणि तीही समोर स्टूल घेऊन बसली. मी फोन लावला. तिकडं घंटी वाजत होती, आणि बाई सकाळी दुकानात काय झालं ते सांगायला लागली होती.